मीटर गप्प, तरी परमिट थांबलं : डिस्टिलरीतल्या एका फर्मेंटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना आणि त्याला जोडून डिस्टिलरी, म्हणजे फर्मेंटर नावाच्या मोठ्या टाक्यांत मळी आंबवून मद्यार्क काढणारा विभाग. कारखान्याचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथं काढून टाकले आहेत.

गळीत हंगाम संपला की मिल, बॉयलर, पॅन सगळं खोललं जातं. जोतिबाची यात्रा उरकून माणसं कामावर परतली की ऑफ सीझनच्या दुरुस्तीला जोर येतो आणि पाऊस लागायच्या आत उघड्यावरची कामं संपवायची घाई असते. डिस्टिलरी मात्र साठवलेल्या मळीवर पुढेही चालूच राहते. म्हणजे एकाच आवारात एकीकडे बंद यंत्रं खोलून बसलेली असतात आणि भिंतीपलीकडे प्रक्रिया जोरात चालू असते. बंद आणि चालूच्या या शेजारातूनच हे प्रकरण घडलं.

परमिट म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्याआधी घ्यायची लेखी परवानगी. परमिटची पुस्तकं कारखान्यात जुनीच होती. हॉट वर्क (वेल्डिंगसारखं ठिणगी उडणारं काम), बंदिस्त जागा, उंचीवरचं काम, विद्युत काम, खोदाई, प्रत्येकाचं वेगळ्या रंगाचं पुस्तक. पण बहुतेक परमिटं सकाळी टेबलावर एकगठ्ठा सही होऊन निघायची. त्या वर्षी व्यवस्थापनानं ठरवलं की, परमिट मागणाऱ्या, देणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या प्रत्येकानं आधी प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचं. ज्याचं नाव यादीत नाही त्याची सही चालणार नाही. हा निर्णय चांगला होता. त्यात राहिलेली एक उणीव पुढं येईल.

प्रशिक्षण कसं झालं

सेफ्टी ऑफिसरनं अर्ध्या दिवसाचा वर्ग आखला. परमिट म्हणजे काय, ते कोणत्या कामाला लागतं, ते एका पाळीपुरतंच का असतं, काम संपल्यावर बंद का करायचं, एक प्रत कामाच्या जागीच का लावायची, असा सगळा पाया त्यात होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ३६ वं कलमही वाचून दाखवलं. (प्रकरण घडलं तेव्हा हाच कायदा लागू होता.) बंदिस्त जागेत माणूस उतरवायचा तर सक्षम व्यक्तीनं स्वतः चाचणी करून जागा घातक वायूपासून मुक्त असल्याचा लेखी दाखला द्यायला हवा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनसाधन आणि दोर बांधलेला पट्टा हवा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वर नको, हे ३६-अ मधलं.

पायपर अल्फाची गोष्टही सांगितली गेली. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, १६७ मृत्यू. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, त्याचं परमिट वेगळं होतं, आणि रात्रपाळीला ते कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच चालू केला. परमिटचा कुठलाही वर्ग या घटनेशिवाय होत नाही, आणि ती सांगावी यात शंका नाही. पण मळी, वॉश (फर्मेंटरमध्ये आंबणारं मळीचं पाणी) आणि वाफ यांत आयुष्य काढलेल्या माणसाला समुद्रातला प्लॅटफॉर्म लांबचा वाटतो. ऐकताना सगळे गंभीर झाले, पण आपल्या फर्मेंटरकडे बोट दाखवून त्यावर कुणी काही विचारलं नाही.

वर्गातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वेळापत्रकात नव्हती. चहाच्या सुट्टीत सेफ्टी ऑफिसरनं चार वायूंचा मीटर घेऊन सगळ्यांना बाहेर पटांगणात नेलं, तो मोकळ्या हवेत चालू केला आणि प्रत्येकाच्या हातात देऊन ऑक्सिजनचा आकडा मोठ्यानं वाचायला लावला. सगळ्यांचा आकडा एकच आला, २०.९ टक्के. "हा आकडा पाठ करा. आत वेगळा दिसला तर आधी विचारा, का?" एवढंच ते बोलले. नंतरच्या लेखी चाचणीत सगळे उत्तीर्ण झाले, पण पुढं वेळेला उपयोगी पडलं ते पटांगणातलं वाचन.

अडचण

तीन नंबरच्या फर्मेंटरला तळाजवळच्या वेल्डिंगमधून गळती होती. टाकी रिकामी करून पाण्यानं धुतली होती, वरचं आणि खालचं मॅनहोल उघडं होतं. शेजारच्या दोन आणि चार नंबरमध्ये वॉश भरलेला होता आणि किण्वन ऐन जोरात होतं. आत उतरून जुनी वेल्ड घासायची आणि नवी मारायची होती. म्हणजे परमिट दोन लागणार होती, बंदिस्त जागेचं आणि हॉट वर्कचं.

काम शिरोलीच्या एका कंत्राटदाराकडे होतं. त्याची टोळी एरवी फाउंड्रीत दुरुस्तीची कामं करणारी. भट्टी, वितळलेलं लोखंड, क्रेनखालचा भार या धोक्यांची त्यांना पुरती जाण. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, मात्र त्यांच्या रोजच्या ओळखीचा. फाउंड्रीत सीओटू कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) करताना तो हातानं सोडतात, वेल्डिंगलाही 'सीओटू' म्हणतात, आग विझवायच्या नळकांड्यातही तोच. अशा माणसाला "आत सीओटू असेल" म्हटलं तर तो घाबरत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. उघड्या शेडमध्ये त्या वायूनं त्याला कधी त्रासच दिलेला नसतो.

सकाळी प्रयोगशाळेतल्या केमिस्टनं नळी सोडून तीन पातळ्यांवर वायू तपासला. ज्वलनशील वायू शून्य, हायड्रोजन सल्फाइड शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य. ऑक्सिजन वरच्या मॅनहोलशी २०.८, मध्ये २०.३ आणि तळाशी १९.८. फॉर्मवर ऑक्सिजनसाठी एकच चौकट होती. त्यानं प्रामाणिकपणे सगळ्यात कमी आकडा लिहिला. चौकटीशेजारीच मर्यादा छापलेली होती, १९.५ ते २३.५. आकडा मर्यादेत होता आणि मीटरचा अलार्म वाजला नव्हता. शिफ्ट इन्चार्जनं सही केली. परमिट 'घेणारा' म्हणून सही करायची होती मेंटेनन्सच्या सुपरवायझरनं. आदल्या वर्षी नोकरीला लागलेला डिप्लोमा झालेला तरुण.

त्यानं सही केली नाही. मॅनहोलशी टोळीतल्या जुन्या फिटरशी त्याचं झालेलं बोलणं दोघांनीही पुढं जवळपास सारखंच सांगितलं.

"साहेब, मीटर काय वरडंना झालाय, मग थांबायचं कशापायी?"

"अण्णा, बाहेर वीस पॉइंट नऊ दाखवतोय, खाली पार उतरलाय. कशानं उतरला ते कळल्याशिवाय मी सही करत नाही."

त्या क्षणी त्याला कारण ठाऊक नव्हतं. पटांगणातला आकडा आणि हा आकडा जुळत नाही, एवढंच त्याला कळत होतं. प्राथमिक प्रशिक्षणाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये आणि यापेक्षा कमीही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

१९.८ चा अर्थ

पुढं जाण्याआधी हा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळं प्रकरण त्यावरच फिरतं.

हवेत ऑक्सिजन पाचव्या हिश्शाइतका असतो. बाहेरचा वायू टाकीत शिरला की तो एकट्या ऑक्सिजनला ढकलत नाही, आतल्या सगळ्या हवेला ढकलतो. म्हणून ऑक्सिजन २०.९ वरून १९.८ वर आला, म्हणजे १.१ नं कमी झाला, तर आत शिरलेला परका वायू १.१ टक्का नसतो. तो त्याच्या पाचपट, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास असतो. तो नायट्रोजन असता तर १९.८ ऑक्सिजनमध्ये माणसाला काही झालं नसतं. पण फर्मेंटरमध्ये शंका घ्यायची ती कार्बन डायऑक्साइडची. यीस्ट साखरेचे जवळपास दोन सारखे भाग करतं. १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. एक लिटर मद्यार्कामागे सुमारे पाऊण किलो वायू. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्यानं तळाशी साचतो.

आठ तासांच्या पाळीसाठी या वायूची मर्यादा आहे ०.५ टक्का. ४ टक्के ही पातळी अमेरिकेतली नायॉश ही संस्था जिवाला तत्काळ धोक्याची मानते. पाच टक्क्यांत दम लागतो, डोकं दुखतं, गरगरायला लागतं. दहाच्या आसपास काही मिनिटांत शुद्ध हरपते. आणि चार वायूंच्या नेहमीच्या मीटरमध्ये या वायूचा सेन्सरच नसतो. टाकीत ४ टक्के सीओटू असला तरी ऑक्सिजन जवळपास २०.१ दिसेल आणि अलार्म वाजणार नाही. म्हणजे १९.५ ची छापील मर्यादा फर्मेंटरच्या बाबतीत माणसाला वाचवत नाही.

पर्याय

डिस्टिलरी मॅनेजरना बोलावलं गेलं. त्यांची बाजू उडवून लावण्यासारखी नव्हती. मर्यादा ठरवून दिलेली आहे, आकडा तिच्या आत आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या समजुतीनं आकड्यांचा अर्थ लावू लागला तर पद्धत उरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. परमिटची पद्धत माणसागणिक बदलू नये म्हणूनच असते, हे खरंच आहे.

शिवाय टोळी रोजंदारीवर होती. काम थांबलं तर दिवसाची हजेरी कोण देणार, हा प्रश्न मुकादमानं तिथंच उभा केला.

मर्यादेत आहे म्हणून उतरणं, हा पहिला पर्याय. दुसरा मॅनेजरनी स्वतः सुचवला. अर्धा तास ब्लोअर लावा, आकडा वर आला की सही करा. तिसरा, परमिट रद्द करून शेजारच्या दोन्ही फर्मेंटरांचं किण्वन संपेपर्यंत काम पुढं ढकलायचं. चौथा पर्याय सेफ्टी ऑफिसरचा. आधी वायू कोणता ते मोजायचं, मग तो येतोय कुठून ते शोधायचं, आणि तोवर आत कुणीही डोकावायचं नाही.

सगळ्यांना पटला दुसरा पर्याय, आणि माझ्या मते सगळ्यात फसवा तोच होता. ब्लोअरनं आकडा वर आला असता, सह्या झाल्या असत्या, वेल्डर उतरला असता. जेवणाच्या सुट्टीत कुणी ब्लोअर बंद केला असता किंवा वीज गेली असती, तर वायू पुन्हा तळाशी भरायला लागला असता आणि परमिटवर मात्र सकाळचा चांगला आकडा लिहिलेला राहिला असता. वायुवीजन गरजेचं आहेच, पण वायूचं मूळ चालू असताना तेवढ्यावर विसंबता येत नाही.

काय केलं

ब्लोअर लावला, पण सहीसाठी नाही, नुसता काय होतं ते पाहायला. वरच्या मॅनहोलमधून हवा आत ढकलली. अर्ध्या तासानं तळाचा आकडा २०.० झाला होता. एवढी हवा देऊनही आकडा हलत नाही म्हणजे वायू अजून येतोय, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसलं. मॅनेजरनीही तेव्हाच काम थांबवायला होकार दिला. आपली बाजू इतक्या लवकर आणि सगळ्यांसमोर सोडणं सोपं नसतं, त्याची नोंद इथं व्हायलाच हवी.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर कारखान्यात नव्हता. डिस्टिलरीचा वायू घेऊन सिलिंडर भरणाऱ्या शेजारच्या युनिटकडून तो मागवला. तळाशी पाच टक्क्यांच्या आसपास आकडा आला.

आता प्रश्न, येतोय कुठून? आयसोलेशनची यादी, म्हणजे टाकीला जोडलेल्या कुठल्या लाईन बंद करून टाकी वेगळी केली त्याची यादी, पुन्हा काढली. वॉशची लाईन बंद, कुलूप, टॅग. पाण्याची आणि वाफेची लाईन, तसंच. यादीत सगळं बरोबर होतं. तेव्हा तो जुना फिटर म्हणाला, "वरची गॅसची लाईन कुणी बघितली काय?"

फर्मेंटरमधून निघणारा वायू, त्यातला मद्यार्क परत मिळवण्यासाठी, हेडर म्हणतात त्या एका सामाईक मोठ्या पाइपमधून स्क्रबरकडे (वायू पाण्यानं धुणाऱ्या यंत्राकडे) जातो. दोन, तीन, चार, सगळे त्याच हेडरला जोडलेले. तीन नंबरचा व्हेंट व्हॉल्व्ह (वायू बाहेर जाण्याच्या लाईनवरचा) बंद होता, पण त्याची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट बसायची जागा, झिजलेली होती, आणि शेजाऱ्यांचा वायू त्यातून उलटा रिकाम्या टाकीत उतरत होता. यादी बनवणाऱ्यानं टाकीत द्रव कुठून येऊ शकतो याचा विचार केला होता. वायूची लाईन म्हणजे टाकीतून बाहेर जाणारी, तिथून काही आत येईल हे डोक्यातच आलं नव्हतं. तळाच्या कोपऱ्यात यीस्टचा थोडा गाळही राहिला होता, त्यातूनही वायू सुटत होता.

व्हेंट लाईन फ्लँजवर (बोल्टच्या जोडावर) खोलून डमी प्लेट, म्हणजे वाट पुरती बंद करणारी लोखंडी चकती, टाकली. हे लाईन खोलण्याचं काम स्वतःच धोक्याचं, म्हणून त्याचं वेगळं परमिट काढलं आणि खोलणाऱ्यांना बाहेरून हवा पुरवणारे मास्क दिले. गाळ बाहेरूनच पाण्याच्या मारानं धुऊन काढला. ब्लोअरची दिशा बदलली. खालच्या मॅनहोलपाशी तळापर्यंत नळी सोडून वायू ओढून बाहेर, माणसांपासून लांब सोडला आणि वरच्या मॅनहोलमधून ताजी हवा आत येऊ दिली. जड वायू काढायचा तर तळातून ओढावा लागतो. वरून ढकललेली हवा बहुतेक वरच फिरून बाहेर पडते.

निष्पत्ती

दुसऱ्या दिवशी दुपारी तिन्ही पातळ्यांवर ऑक्सिजन २०.९ आणि कार्बन डायऑक्साइड ०.१ टक्क्याच्या आत आला. शिफ्ट इन्चार्ज या वेळी स्वतः मॅनहोलपाशी आले, स्वतः चाचणी केली आणि तिथंच सही केली. वेल्डर पट्टा आणि दोर लावून उतरला. वेल्डिंगचा संच आणि सिलिंडर बाहेर, आत २४ व्होल्टचा दिवा, उतरणाऱ्याच्या छातीला मीटर, बाहेर एक माणूस फक्त पहाऱ्याला, ब्लोअर सतत चालू. संध्याकाळी वेल्ड तपासून परमिट बंद केलं. कुणालाही इजा झाली नाही. दीड दिवस गेला.

थांबलेल्या वेळात आणखी एक गोष्ट उघड झाली. फॉर्मवरच्या सुटकेच्या रकान्यात 'अग्निशमन दल १०१' एवढंच लिहिलेलं होतं. माणसाला दोरानं वर ओढायचा कारखान्याचा ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच स्टोअरमध्ये कुलपात होता आणि किल्ली स्टोअरकीपरच्या घरी. बंदिस्त जागांमध्ये मरण पावलेल्यांत ६० टक्क्यांहून जास्त माणसं दुसऱ्याला वाचवायला उतरलेली होती, असा इशारा नायॉशनं १९८६ मध्येच दिला होता. या टोळीतला एक जण आत कोसळला असता तर बाकीचे गाडीची वाट पाहत थांबले नसते. सख्ख्या भावासारखी एकत्र काम करणारी माणसं आहेत, ती उतरलीच असती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, प्रशिक्षण कुणाला द्यायचं हा प्रश्न. सही करणाऱ्यांनाच बोलावलं गेलं. सामाईक हेडरची आठवण ज्यानं करून दिली तो फिटर वर्गात नव्हता, कारण तो कुठंच सही करत नाही. तो पूर्वी अशाच एका डिस्टिलरीत राबलेला होता आणि त्याला विचारलं असतं तर सकाळीच त्यानं सांगितलं असतं. टाकीत जो उतरणार त्यालाच परमिटचं प्रशिक्षण नाही, ही रचना उलटी आहे. पुढच्या तुकडीत वेल्डर, फिटर, हेल्पर आणि पहाऱ्याला बसणारे सगळे घेतले गेले. वर्ग लहान केला आणि निम्मा वेळ रिकाम्या फर्मेंटरशेजारी घेतला. आता प्रत्येकाला लाईन हातानं दाखवून सांगावं लागतं की, यातून आत काय येऊ शकतं.

दुसरं, फॉर्म. एका चौकटीच्या जागी तीन पातळ्यांच्या तीन चौकटी आल्या, बाहेरच्या हवेचा आकडा आधी लिहायची जागा आली, आणि फर्मेंटर व मळीच्या टाक्यांसाठी कार्बन डायऑक्साइडचा रकाना सक्तीचा झाला. आत आणि बाहेर ०.२ पेक्षा जास्त फरक दिसला तर कारण लिहिल्याशिवाय सही नाही, असा नियम झाला. मॅनेजरच्या आक्षेपाला हे योग्य उत्तर आहे असं मला वाटतं. तरुण सुपरवायझरनं त्या दिवशी जे स्वतःच्या बळावर केलं, ते आता कुणाच्या समजुतीवर किंवा धाडसावर अवलंबून नाही. नवखा, भिडस्त माणूसही नियमाकडे बोट दाखवून थांबू शकतो.

आयसोलेशनच्या याद्या टेबलावर न बनवता लाईनवर चालत जाऊन, एक ऑपरेशनचा आणि एक मेंटेनन्सचा माणूस मिळून बनवायच्या असंही ठरलं. नुसता बंद व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेशन नव्हे. बंदिस्त जागेसाठी डमी टाकायची किंवा लाईन खोलून वेगळी करायची. हे जगभर मान्य असलेलं तत्त्व वर्गात शिकवलेलंही होतं, पण स्लाइडवर एका ओळीत. त्याला वर्गात जास्त वेळ द्यायला हवा होता. पायपर अल्फा सांगताना तो काढलेला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि आपल्या हेडरवरचा झिजलेला व्हॉल्व्ह शेजारी मांडून दाखवले असते तर ती गोष्ट लांबची राहिली नसती.

हजेरीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. त्या टोळीला दीड दिवसाची हजेरी कारखान्यानं दिली, पण अपवाद म्हणून. परमिटसाठी थांबावं लागलं तर हजेरी मिळेल, हे कलम कंत्राटातच घालावं अशी मागणी सेफ्टी ऑफिसरनं खरेदी विभागाकडे केली आहे आणि तिथं ती अजून चर्चेत आहे. ते कलम येईपर्यंत मुकादमावर घाई करण्याचा दबाव तसाच राहील, कितीही वर्ग घेतले तरी.

आणि रात्रपाळी. मंजुरी देणारा अधिकारी रात्री आवारात नसतो, म्हणून रात्री बंदिस्त जागेत उतरायचं नाही असा नियम झाला, 'तातडीचं काम सोडून'. तातडी कुणी ठरवायची हे त्यात लिहिलेलं नाही. पहिल्याच बैठकीत मुकादमानं नेमकं तेच विचारलं. मसुदा त्या एका ओळीसाठी परत गेला आहे, आणि तोवर रात्रीची सगळीच प्रवेश परमिटं बंद ठेवली आहेत.